दुपारच्या पाळीतली वाळू : शिरोलीतल्या एका फाउंड्रीने इंटर्नशिप कशी उभी केली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याने, लागोपाठ दोन वर्षं डिप्लोमाचे विद्यार्थी इंटर्न म्हणून घेतले. कारखाना तोच, कॉलेज तेच, मुलंही साधारण सारख्याच घरांतली. पहिल्या वर्षी कुणाच्याच हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वर्षी कारखान्याला कित्येक महिने छळणारा एक प्रश्न बराचसा उलगडला आणि चारपैकी दोन मुलं डिप्लोमा संपल्यावर तिथेच अप्रेंटिस म्हणून लागली. मधे काय बदललं ते इथे मांडायचं आहे. लघुउद्योगांमधल्या प्रशिक्षणाचं काम करत असल्यामुळे दोन्ही वर्षं मला जवळून पाहता आली. मालकांच्या इच्छेप्रमाणे युनिटचं आणि माणसांची नावं देत नाही.

युनिट मध्यम आकाराचं. ऐंशीच्या आसपास कामगार, विजेवर धातू वितळवणाऱ्या दोन इंडक्शन भट्ट्या, साच्यांची वाळू तयार करणारा एक सँड प्लँट, त्या वाळूचे साचे बनवणाऱ्या दोन मोल्डिंग लाइन, कास्टिंगमधली (ओतीव भागातली) पोकळी घडवणारे वाळूचे गाभे करणारं कोअर शॉप, कास्टिंग घासून साफ करणारं फेटलिंग आणि एक छोटी लॅब. माल ग्रे आयर्नचा, म्हणजे बिडाचा; पंप आणि ट्रॅक्टरचे भाग. मालक दुसऱ्या पिढीतले. वडिलांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कामावर उमेदवारी करून धंदा शिकला, मग शेड टाकली. त्यामुळे मुलांना कारखान्यात शिकू द्यावं याबद्दल मालकांच्या मनात शंका कधीच नव्हती. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती.

पहिलं वर्ष

एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या अभ्यासक्रमात, आय स्कीममध्ये, डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण होतं. नव्या के स्कीममध्ये ते बारा आठवड्यांचं झालं. हा फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. सहा आठवडे विभाग दाखवत आणि प्रश्नांना उत्तरं देत कसेबसे निघतात. बारा आठवडे तसे निघत नाहीत. मुलांना काम लागतं आणि त्या कामाला मालक लागतो.

कॉलेजच्या सरांचा मे महिन्यात फोन आला, "साहेब, एवढी मुलं घ्याल का?" मालक म्हणाले, पाठवा. चौदा मुलं आली. पहिल्या दिवशी एचआरच्या साहेबांनी त्यांना कारखाना फिरवून दाखवला. पगार, पीएफ, कॅन्टीन आणि बस हे सगळं हा एकच माणूस बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलं दोन-दोन करून विभागांत वाटून दिली. त्या त्या विभागाच्या सुपरवायझरला मुलं येणार आहेत हे ती समोर येऊन उभी राहिल्यावर कळलं. अशा वेळी कुठलाही सुपरवायझर करतो तेच त्यांनी केलं: "इथं उभं राहून बघा, मशीनला हात लावू नका."

पंधरवड्यात मुलांची विभागणी आपोआप झाली. अक्षर चांगलं असलेली दोघं ऑडिटसाठी जुनी रजिस्टरं उतरवून काढू लागली. दोघं डिस्पॅचला गेली, कारण कंत्राटदाराची माणसं येत नव्हती, आणि कास्टिंग मोजण्यापासून सुरू झालेलं त्यांचं काम ती गाडीत चढवण्यापर्यंत गेलं. बाकीची सावली शोधून बसत. आठवड्याची डायरी एकाने लिहायची आणि इतरांनी उतरवायची. महिनाभरानंतर निम्मी मुलं सहीपुरती शनिवारी येत.

डिस्पॅचची गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. गैरहजर कामगाराच्या जागी विद्यार्थी उभा केला की ती इंटर्नशिप राहत नाही, ती बिनपगारी मजुरी होते. कारखान्यात कुणाचाही तसा हेतू नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. पण काम ठरलेलं नसलेला तरुण माणूस समोर रिकामा उभा असेल, तर त्या दिवशीची नड त्याला ओढून घेतेच.

मग एक छोटा अपघात झाला. पोअरिंग लाइनजवळ उभ्या असलेल्या एका मुलाच्या अंगावर ठिणग्या उडाल्या. ग्रे आयर्न ओततात ते सुमारे १४०० अंश सेल्सिअसला. मुलाच्या अंगात पॉलिस्टरचा शर्ट होता. सुती कापडाला ठिणगीने भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. दंडावर दोन ठिकाणी भाजलं, दवाखान्यात नेऊन पट्टी केली, चार दिवसांत बरं झालं. पण त्या मुलाचा विमा कॉलेजचा होता की कारखान्याचा, की कुणाचाच नव्हता, याचं उत्तर त्या संध्याकाळी कुणाकडेही नव्हतं. मालक खूप हादरले. पुढच्या वर्षी नकोच, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

जानेवारीतली बैठक

तो निर्णय बदलला क्वालिटी विभागाच्या मॅडमनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुलं नको असं म्हणण्याआधी, मुलांना आपण काय दिलं ते बघू. जानेवारीत चौघं बसले: मालक, प्रॉडक्शनचे प्रमुख, क्वालिटीच्या मॅडम आणि एचआर. मलाही बोलावलं होतं. हा महिना महत्त्वाचा. जूनमध्ये येणाऱ्या मुलांचा विचार मेमध्ये केला, तर उरलेल्या जागेत त्यांना बसवणं एवढंच हातात राहतं.

बैठकीची सुरुवात 'मुलांना काय शिकवायचं' इथून झाली असती, तर पुन्हा विभाग फिरवून दाखवण्याचं वेळापत्रक तयार झालं असतं. मॅडमनी उलट विचारलं: आपल्या कारखान्यात असं काय आहे जे आपल्याला समजून घ्यायचं आहे, पण रोजच्या धबडग्यात कुणाला वेळच होत नाही?

फळ्यावर बरीच यादी झाली. भट्टीला टनामागे लागणारी वीज. फेटलिंगमधली कास्टिंगची उलटसुलट ने-आण. कोअर मोडण्याचं प्रमाण. पॅटर्नची, म्हणजे साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याची, झीज. आणि एका पंप केसिंगचं रिजेक्शन, जे दुपारच्या पाळीत वाढायचं. ब्लो होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूची पोकळी, आणि सँड इन्क्लुजन, म्हणजे धातूत मिसळलेली वाळू. गिऱ्हाइकाकडे मशीनिंग झाल्यावर दोष उघडा पडायचा आणि माल परत यायचा.

यादीतून निवड करताना झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते. विजेचा प्रश्न पैशांच्या दृष्टीने मोठा होता, पण त्यासाठी मुलांना भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर तासन् तास उभं करावं लागलं असतं. तो बाद झाला. पॅटर्नची झीज बारा आठवड्यांत दिसेल एवढी होत नाही, म्हणून तीही बाद. काही प्रश्न गिऱ्हाइकाची गोपनीय ड्रॉइंग्ज उघड केल्याशिवाय हाताळता येत नव्हते. शेवटी दुपारच्या रिजेक्शनचा प्रश्न उरला. तो मोजता येणारा होता आणि विषय वाळूचा असल्याने धोका कमी होता. शिवाय उत्तर नाही सापडलं तरी कुणाचं डिस्पॅच अडणार नव्हतं. इंटर्नच्या हाती द्यायच्या कामाची ही शेवटची कसोटी मी आता प्रत्येक ठिकाणी सांगतो. उत्तर मिळालं तर कारखान्याला खरंच हवं असलं पाहिजे, आणि उशीर झाला तर कुणाचं गळ्याशी येता कामा नये.

मग संख्या. सँड प्लँटवर आणि लॅबमध्ये एका वेळी चारहून जास्त मुलं हाताखाली घेता येत नाहीत, असं प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी सांगितलं. कॉलेजने दहा जागा मागितल्या. मालकांना नाही म्हणणं जड गेलं, पण चारच ठरली.

मामांचा वेळ

सँड प्लँटचे सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. शिक्षण दहावी, वाळूतला अनुभव तीस वर्षांच्या वर. मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव पुढे आलं. बैठकीत बोलावून विचारलं, तर त्यांनी लगेच हात जोडले. त्यांचं म्हणणं असं: "पोरांना शिकवायला मला लई आवडतंय, पण पेट्या कमी पडल्या की शिव्या मला खायला लागत्यात."

या वाक्यावर बैठक पुढे अर्धा तास चालली, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय त्याच अर्ध्या तासात झाला. मामांच्या पाळीचा हिशेब किती पेट्या, म्हणजे वाळूचे साचे, पडल्या यावर होतो. त्यात मुलांना समजावून सांगण्याला जागाच नाही. अशा माणसाला 'जरा मुलांकडे बघा' असं सांगणं म्हणजे त्याने स्वतःच्या कामात खोट सोसून शिकवावं अशी अपेक्षा करणं. पहिल्या वर्षीच्या सगळ्या सुपरवायझरांकडून हीच अपेक्षा होती, आणि एकालाही ती पेलली नाही.

ठरलं असं. सकाळी साडेदहा ते बारा मामा मुलांसाठी. त्या वेळात मिक्सरचा ऑपरेटर प्लँट सांभाळील, आणि त्या दीड तासातल्या पेट्यांचा जाब मामांना विचारला जाणार नाही. मालकांनी हे लेखी काढलं, स्वतः सही केली आणि नोटीस बोर्डावर लावलं. तोंडी सांगितलं असतं, तर पहिल्या मोठ्या ऑर्डरला ते मोडलं असतं. जुलैत तशी वेळ आलीच. प्रॉडक्शनच्या माणसाने मामांना सव्वाअकराला लाइनवर बोलावलं आणि मामांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. ते परिपत्रक नसतं, तर मामांना जावंच लागलं असतं.

लॅबच्या मोजमापांसाठी क्वालिटीच्या मॅडम, आणि कॉलेजच्या बाजूने एक सर, महिन्यातून दोनदा येऊन बसणारे. डायरीवर सही कुणाची, गैरहजेरी कुणाला कळवायची, तक्रार असेल तर कुणाकडे जायचं, हे सगळं एका पानावर लिहून मुलांना पहिल्याच दिवशी मिळालं.

कागद, पैसे, बूट

एचआरचा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावा लागला, आणि तो मला बऱ्याच कारखान्यांत दिसतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. विद्यार्थी इंटर्न घेतले की हे बंधन पूर्ण झालं, अशी त्यांची समजूत होती. तसं नाही. अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, त्याला ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं, मुदत वेगळी असते. इंटर्न हा कॉलेजचा विद्यार्थीच राहतो आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतो. दोन्हींचे कागद वेगळे ठेवले तर पुढची गुंतागुंत टळते.

कॉलेजबरोबर करार झाला, त्यात कामाचं स्वरूप, वेळ, सुट्ट्या आणि अपघात विमा हे चार मुद्दे स्पष्ट होते. विमा कॉलेजने काढला, त्याची प्रत कारखान्याने आधी मागून घेतली. प्रत हातात आल्याशिवाय मुलाला गेटच्या आत घ्यायचं नाही, हा मालकांचा स्वतःचा नियम.

जन्मतारखा तपासल्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. डिप्लोमाला मुलं दहावीनंतर येतात. दुसरं वर्ष संपवून आलेला विद्यार्थी सतरा वर्षांचाही असू शकतो, आणि चौघांतली एक मुलगी तशी होतीही. कारखान्यात अठरा पूर्ण नसलेल्यांसाठी कायद्याचे निर्बंध आहेत. रात्रपाळी कुणालाच नाही, धोक्याच्या मशीनजवळ कुणीच नाही, असं सरसकट ठरवून टाकलं. वयानुसार चार वेगळे नियम करण्यापेक्षा हे सोपं आणि सुरक्षित.

मोल्डिंगकडे तोवर एकही स्त्री कामाला नव्हती आणि इंटर्नमध्ये दोन मुली. स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे शेडपासून लांब, म्हणून मधल्या लॅबशेजारचं एक दुरुस्त करून घेतलं. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस यांनाही कर्मचारी धरलं आहे. तक्रार समितीवरच्या मॅडमचं नाव आणि फोन नंबर दोघींना पहिल्या दिवशी दिला, आणि मोल्डिंगच्या माणसांनाही एकत्र बसवून नीट सांगितलं.

सेफ्टी बूट हा किरकोळ वाटणारा विषय. स्टोअरमध्ये सातच्या खालचा नंबर नव्हता. मोठ्या बुटात पाय सरकतो, आणि वाळू सांडलेल्या जमिनीवर ते अंगाशी येतं. लहान नंबरचे बूट मागवून यायला दोन आठवडे लागले. मेमध्येच मापं घेतली होती म्हणून निभावलं. चौघांना सुती शर्ट-पँटचे दोन-दोन जोड कारखान्याने शिवून दिले.

पैशांवर मालकांनी फार घोळ घातला नाही. महिन्याला पाच हजार आणि कॅन्टीनचं जेवण. पण पहिल्या महिन्यात तेही अपुरं पडलं, आणि कारण रकमेत नव्हतं, तारखेत होतं. राधानगरीकडून येणारा एक मुलगा तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस आलाच नाही. घरून पहाटे निघून कोल्हापूर, तिथून दुसरी बस, रोजचं भाडं खिशातून, आणि पैसे मिळणार महिनाअखेरीला. मॅडमनी फोन करून विचारलं तेव्हा हे कळलं. दुसऱ्याच दिवशी चौघांचे बसपासचे पैसे आगाऊ दिले. तो पुढे एकदाही चुकला नाही. डायरीत त्या दोन दिवसांची नोंद 'अनुपस्थित' एवढीच झाली असती आणि कॉलेजने मुलगा बेजबाबदार ठरवला असता.

निवडही वेगळ्या पद्धतीने झाली. इच्छुकांना एप्रिलमध्ये एक दिवस कारखान्यात बोलावलं, तास-दीड तास फिरवलं आणि मग कोरा कागद दिला: जे पाहिलंत त्यातलं काय कळलं नाही ते मराठीत लिहा. मार्कांची यादी कुणी पाहिली नाही. जुनीच वाळू पुन्हा पुन्हा का वापरतात, तिचं काही बिघडत नाही का, असं एका मुलीने लिहिलं होतं. तिचं नाव पहिलं लागलं.

मूठ आणि मीटर

वाळूची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागेल. मोल्डसाठी वापरतात ती ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोल डस्ट आणि पाणी यांचं मिश्रण. धातू ओतून थंड झाला की पेटी फोडतात, कास्टिंग बाजूला होतं आणि वाळू पट्ट्यावरून परत मिक्सरकडे येते. थोडी माती, थोडं पाणी घालून तीच पुन्हा वापरतात. पाणी साधारण तीन ते चार टक्के. कमी पडलं तर मोल्डच्या कडा ढासळून वाळू धातूत मिसळते, जास्त झालं तर वाफ होऊन ब्लो होल. लॅबमध्ये ओलावा, परमिअॅबिलिटी (वाळूतून वायू किती सहज निघतो) आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी मोजतात. शेवटची चाचणी सोपी आहे: नळीत चाळलेली वाळू भरायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि ती किती टक्के दबली ते बघायचं. या प्लँटवर ती चाळिशीच्या आसपास राखायची असते.

मामांची चाचणी याहून जुनी. पट्ट्यावरून मूठभर वाळू उचलायची, दाबायची, मूठ उघडून गोळ्यावर बोटांचे ठसे बघायचे, मग गोळा मधोमध मोडून कडा बघायची. कडा स्वच्छ तुटली तर ठीक. भुसभुशीत झाली तर पाणी कमी. तळव्याला चिकटली तर जास्त.

पहिल्या आठवड्यात मामांनी चौघांकडून हेच करून घेतलं. रोज वीस-पंचवीस मुठी. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी त्याला मोजमापाची जोड दिली. मामांनी मूठ दाबून आकडा सांगायचा, मुलांनी त्याच वेळचा लॅबचा नमुना तपासायचा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. सकाळच्या वाळूत दोन्ही इतके जवळ येत की मुलं थक्क झाली. दुपारच्या वाळूत मात्र मामा सतत लॅबपेक्षा कमी ओलावा सांगत. दोघं एकाच वेळच्या वाळूबद्दल बोलत असताना हा फरक का पडावा?

उत्तर मोल्डिंग लाइनवरच्या एका कामगाराने दिलं. मुलं त्याच्याशी जेवणाच्या सुट्टीत बोलत होती. तो म्हणाला, "लॅबवाले वाळू घेत्यात मिक्सरच्या तोंडाला. माझ्या हॉपरात येऊन पेटीत पडंस्तोवर ती वाळल्याली असती." हॉपर म्हणजे पेटीत वाळू सोडणारी टाकी. मामा मूठ घेत ती हॉपरजवळच्या पट्ट्यावरून. लॅबचा नमुना मिक्सरच्या तोंडाचा. मधलं अंतर सकाळी काहीच फरक करत नव्हतं, दुपारी करत होतं.

मुलांनी मग तापमान मोजायला सुरुवात केली. परतीची वाळू, मिक्सरमधून निघालेली वाळू, हॉपरमधली वाळू, तासातासाला. सकाळी थंड असलेली परतीची वाळू दुपारी दोननंतर साठ अंशांच्या वर जात होती. फाउंड्रीत पन्नासच्या आसपास धोक्याची रेघ धरतात. गरम वाळूतलं पाणी मिक्सरमधून पेटीपर्यंत जाताना उडून जातं, पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि तीच वाफ आतल्या थंड कोअरवर जमून ब्लो होलला वाट करून देते. दोन्ही दोषांचं मूळ एकच होतं.

आणि वाळू दुपारीच का तापायची? चौघांनी आठवड्याभराचे लाइनचे तक्ते काढले. पंप केसिंग जड. पेटीतल्या वाळूच्या मानाने धातू जास्त. ती सलग सकाळी साडेदहापासून लावली जायची, आणि तीच वाळू गार व्हायला वेळ न मिळता फिरून फिरून यायची. गरम वाळूचं शास्त्र पुस्तकात आहे, मॅडमना आणि मामांनाही ते ठाऊक होतं. पण या कारखान्यात, या मालावर, या तासाला ते घडतंय हे दाखवायला कुणीतरी दोन महिने थर्मामीटर घेऊन पट्ट्याशेजारी उभं राहणं भाग होतं. पगारी माणसाला तेवढा वेळ कोण देणार?

उपाय साधे निघाले. जड आणि हलकी कास्टिंग आलटूनपालटून लावायची. पाणी टायमरवर न सोडता कॉम्पॅक्टॅबिलिटी पाहून द्यायचं. आणि लॅबचा नमुना हॉपरवरून घ्यायचा. ऑगस्टमध्ये दुपारच्या पाळीचं रिजेक्शन स्पष्टपणे खाली आलं. तरी मॅडमनी अहवालात एक वाक्य मुलांकडून आवर्जून लिहून घेतलं: याच काळात कोल्हापूरचा पाऊस जोरात होता, हवा गार होती, त्यामुळे किती फरक उपायांचा आणि किती पावसाचा हे उन्हाळ्यातच कळेल. मुलांना वाक्य आवडलं नव्हतं. त्यांचं यश त्याने लहान दिसत होतं. मला वाटतं, त्या बारा आठवड्यांत ती जे शिकली त्यातलं हे सगळ्यांत मोठं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चौघांतल्या एका मुलाचं मन वाळूत लागलंच नाही. तो संगणकावर ड्रॉइंग काढण्यात तरबेज. पाचव्या आठवड्यात आढावा घेतला तेव्हा त्याने ते मोकळेपणाने सांगितलं. त्याला पॅटर्न शॉपकडे वळवलं, पण तिथे त्याच्यासाठी ठरवलेलं काम नव्हतं आणि मोकळा केलेला मार्गदर्शकही नव्हता. उरलेले आठवडे त्याचे बरेचसे वाया गेले. आढावा पाचव्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात झाला असता, तर त्याच्यासाठी काही उभं करता आलं असतं.

शेवटचं सादरीकरण ऑफिसात न घेता मोल्डिंग लाइनवर, पाळी बदलताना झालं. कॉलेजसाठीचा अहवाल इंग्रजीत होता, इथला तक्ता मराठीत. ज्या कामगाराने हॉपरची गोष्ट सांगितली होती, त्याचं नाव तक्त्यावर वरच होतं. पेट्यांचा क्रम बदलला तर पॅटर्न बदलण्यात वेळ जातो, तो कोण भरून देणार, असं दुसऱ्या एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. प्रॉडक्शनच्या प्रमुखांना तिथे उभ्या उभ्या पाळीचं टार्गेट थोडं कमी करायचं कबूल करावं लागलं.

पुढे

डिप्लोमा पूर्ण झाल्यावर चौघांपैकी दोघं नॅट्स या केंद्राच्या योजनेतून वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून आली. या योजनेत ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. जुन्या वाळूचा प्रश्न विचारणारी मुलगी त्या दोघांत होती. बाकी दोघं पदवीकडे गेली. दीड तास प्लँट सांभाळून मिक्सरचा ऑपरेटर एवढा तयार झाला की मामांच्या सुट्टीत आता तोच चार्ज घेतो. हे कुणी ठरवलं नव्हतं.

आता पदवी कॉलेजांचेही फोन येऊ लागले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट, म्हणजे १२० तास मिळतात. पूर्ण दिवस धरले तर पंधरा दिवस. इतक्या वेळात वाळूसारखा प्रश्न हाती घेता येत नाही, आणि बारा आठवड्यांचा आराखडा कापून पंधरा दिवसांचा करण्यातही अर्थ नाही. त्या मुलांसाठी अकाउंट्सने एक छोटं काम वेगळं काढलं आहे: भंगार खरेदीच्या बिलांची वर्षभराची छाननी. ते जमलं तर घ्यायचं, नाहीतर यंदा नाही म्हणायचं, असं ठरलं आहे.

मामांच्या मेहनतीचा मोबदला मात्र अजून सुटलेला नाही. वेळ मोकळा करून दिला, पण वेगळा भत्ता मिळालेला नाही. मी तो मागतो आहे. मालक नाही म्हणत नाहीत. सगळ्याच सुपरवायझरांना द्यावा लागेल, अशी त्यांना धास्ती आहे. माझं मत असं, की जो सुपरवायझर मुलं घेईल त्याला तो मिळालाच पाहिजे, आणि चार मुलांच्या विद्यावेतनापुढे ही रक्कम अगदी लहान आहे.

पुढच्या तुकडीसाठी फेटलिंगचा प्रश्न निवडला आहे. कास्टिंग किती वेळा उचलून ठेवलं जातं आणि त्यातल्या किती उचली टाळता येतील, हे मोजायचं. मार्गदर्शक तिथले मुकादम. त्यांनी होकार दिला, पण आधी मामांसारखं परिपत्रक आपल्या नावाने निघू दे आणि मगच कॉलेजला कळवा, असं सांगितलं. परिपत्रक डिसेंबरमध्येच निघालं. आवाज आणि धूळ पाहता कानाचे प्लग आणि मास्क किती लागतील, याची यादी आता स्टोअरकडे गेली आहे.